किंडर स्काउटची प्रदक्षिणा: एका माळरानाचा, एका वाटेचा आणि पाच कैद्यांचा इतिहास

१.
इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात, मँचेस्टर शहराच्या आग्नेयेस, हेफील्ड नावाचे एक लहानसे गाव आहे. गावापासून किलोमीटरभर अंतरावर, ओढ्याच्या काठी, बोडन ब्रिज नावाची दगडाची जुनी खाण आहे. आज तेथे मोटारी उभ्या राहतात. या खाणीतून निघून किंडर स्काउट पठाराच्या पश्चिम कड्याने फिरत पुन्हा खाणीतच परतणारी एक वर्तुळाकार वाट आहे. लांबी साधारण १३ ते १४ किलोमीटर. चालायची सवय असलेला माणूस ती पाच-सहा तासांत पुरी करतो. सह्याद्रीतले गड चढलेल्याला ती मध्यमच वाटेल. परंतु या वाटेलगतच्या थोड्याशा चढणीसाठी १९३२ साली पाच तरुणांना तुरुंगात जावे लागले. हा धागा त्या वाटेचा आणि त्या चढणीचा.

२.
प्रथम भूमीविषयी. किंडर स्काउट हा शिखराचा सुळका नव्हे. तो एक विस्तीर्ण, सपाट माथा आहे. उंची ६३६ मीटर. कडेला जाड कणांच्या वालुकाश्माचे काळपट कातळ, आणि वर पीटची जाड दुलई. पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. थंडी आणि पाणी यांमुळे वनस्पती पूर्ण कुजत नाहीत. थरावर थर साचत जातो, तोही वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर या वेगाने. अशा उंच, झाडे नसलेल्या, ओल्या माळाला इंग्रजीत ‘मूर’ म्हणतात. त्यावर हीदर नावाचे जांभळ्या फुलांचे खुरटे झुडूप, कापसासारखे बोंड धरणारे गवत आणि शेवाळ. वारा अडवायला काहीही नाही.

३.
हे उजाडपण निसर्गाने जसेच्या तसे दिलेले नाही. पीटच्या तळाशी जुन्या झाडांचे बुंधे सापडतात. थरांत अडकलेले परागकण सांगतात की येथे कधीकाळी वृक्ष होते. अश्मयुगापासून माणसांनी झाडे तोडली व जाळली, गुरे चारली; हवामानही ओले होत गेले, आणि जंगलाचे माळ झाले. मध्ययुगात हा प्रदेश राजाच्या ‘हाय पीक’ या राखीव शिकारवनाचा भाग होता. राखीव वन म्हणजे घनदाट अरण्यच असे नाही; जेथे राजाच्या शिकारीचा वेगळा कायदा चाले, तो प्रदेश. तरीही भोवतालच्या गावांना चराईचे आणि जळणासाठी पीट काढण्याचे हक्क रूढीने मिळाले होते.

४.
ते हक्क संपवले ‘एन्क्लोजर’ने, म्हणजे कुंपणबंदीने. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत ब्रिटिश संसदेने हजारो कायद्यांद्वारे सामायिक जमिनी मोजून, वाटून खाजगी मालकीच्या केल्या. ज्याच्याकडे आधीच जमीन होती त्याला वाटणीत जमीन मिळाली. ज्याच्याकडे केवळ रूढी होती त्याला बहुधा काहीच मिळाले नाही. किंडरच्या माळाची वाटणी १८३० च्या दशकात झाली. डोंगरउतारांवर आज ज्या दगडी भिंती इतक्या रम्य दिसतात, त्यांतील अनेक या वाटणीच्या रेषा आहेत. त्या भिंतींची छायाचित्रे काढणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे.

५.
माळ वाटून घेतला, पण त्याचे करायचे काय? शेती होत नाही. मेंढ्या तेवढ्या चरतात. उत्तर सापडले ग्राउज या पक्ष्यात. हा लालसर तपकिरी रानपक्षी हीदरच्या कोवळ्या कोंबांवर जगतो. १२ ऑगस्टला त्याच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि १० डिसेंबरला संपतो. बंदुका सुधारल्या, रेल्वे आली, तशी ग्राउजची शिकार श्रीमंतांचा प्रतिष्ठेचा खेळ बनली. कोवळे कोंब फुटावेत म्हणून हीदर पट्ट्यापट्ट्याने जाळायची, आणि पक्षी बिचकू नयेत म्हणून माणसांना दूर ठेवायचे. यासाठी गेमकीपर, म्हणजे शिकारीचे राखणदार, नेमले गेले. वर्षातील मोजक्या दिवसांच्या शिकारीसाठी माळ वर्षभर बंद राहू लागला.

६.
याच काळात डोंगरापलीकडे मँचेस्टर आणि शेफील्ड वाढत होती. एका बाजूला कापडाच्या गिरण्या, दुसऱ्या बाजूला पोलादाच्या भट्ट्या, आणि मधोमध हे पठार. १८६८ साली हेफील्डपर्यंत रेल्वे आली. आठवडाभर धुरात राबणाऱ्या कामगाराला रविवारी स्वस्त तिकिटात मोकळ्या हवेपर्यंत पोहोचता येऊ लागले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी हेफील्ड स्थानकावर रविवारी चालणाऱ्यांची झुंबड उडे. त्यांना दिसत असे ते समोरचे पठार, आणि त्याच्या वाटेवरचा फलक: प्रवेश निषिद्ध.

७.
या गिरण्यांचा एक धागा थेट वऱ्हाड-खानदेशात येऊन पोहोचतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस थांबला; तेव्हा मँचेस्टरने आपल्याकडच्या कापसावर नजर वळवली. १९३० च्या सुमारास मात्र लँकेशायरच्या कापडधंद्याला उतरती कळा लागली होती. जपानची स्पर्धा, हिंदुस्थानातल्या गिरण्या, आणि त्यात परदेशी कापडावरचा बहिष्कार. सप्टेंबर १९३१ मध्ये महात्मा गांधी लँकेशायरला गेले आणि ज्यांच्या पोटावर बहिष्काराने पाय आला होता त्याच कामगारांना भेटले. पुढच्या वर्षी ब्रिटनमधील बेकारांची संख्या २५ लाखांच्या वर होती. ज्यांच्याजवळ काम नव्हते त्यांच्याजवळ दोन गोष्टी उरल्या होत्या: वेळ आणि पाय.

८.
आता वाटेस लागावे. प्रारंभ बोडन ब्रिजच्या खाणीतून. खाणीच्या कातळावर कांस्याचा एक फलक आहे. २४ एप्रिल १९३२ रोजी येथूनच किंडरवरचा सामूहिक प्रवेश सुरू झाला, अशी त्यावर नोंद आहे. त्या रविवारी येथे सुमारे ४०० तरुण-तरुणी जमल्या होत्या. आकडा नोंदीगणिक बदलतो. सभा खरे तर गावातल्या मैदानावर व्हायची होती. तेथे सभेला मनाई असल्याचे ध्यानात येताच सगळे खाणीकडे वळले. एका उंच दगडावर उभा राहून वीस वर्षांचा एक बुटका, चणीने लहान तरुण बोलू लागला. त्याचे नाव बेनी रॉथमन.

९.
रॉथमन मँचेस्टरच्या चीटम भागातील गरीब ज्यू कुटुंबातला. शिष्यवृत्ती मिळवून हायस्कुलात गेलेला, पण घरच्या अडचणीपायी शिक्षण सोडून मोटारींच्या धंद्यात लागलेला. विचारांनी साम्यवादी. ‘ब्रिटिश वर्कर्स स्पोर्ट्स फेडरेशन’ या कामगारांच्या क्रीडासंघटनेचा तो कार्यकर्ता होता. त्याच वसंतात संघटनेच्या शिबिरातील काही तरुण जवळच्या ब्लीक्लो माळावर गेले असता राखणदारांनी दमदाटी करून त्यांना हाकलून लावले. शिबिरात परतल्यावर मुले चडफडत बसली आणि चर्चेत एक साधा हिशेब पुढे आला. पाच-सहा जणांना राखणदार अडवू शकतात. चारशेंना कसे अडवतील?

१०.
मोहीम गुप्त नव्हती. मँचेस्टरच्या वृत्तपत्रातून ती आधीच जाहीर झालेली. पत्रके वाटली गेलेली. प्रसिद्धीचे काम करणाऱ्यांत जिमी मिलर नावाचा तरुण होता. पुढे तो इवन मॅकॉल या नावाने लोकगीतांचा मोठा गायक-कवी म्हणून गाजला. त्याचे ‘द मँचेस्टर रॅम्बलर’ हे गाणे याच चळवळीतून जन्मले. पोलिसही सावध होते. रॉथमनला रोखण्यासाठी ते रेल्वे स्थानकावर थांबले असताना तो सायकल मारत हेफील्डला पोहोचला.

११.
खाणीपासून डांबरी रस्ता ओढ्याच्या कडेने वर चढतो आणि किंडर जलाशयाच्या भिंतीपाशी येतो. हा जलाशय १९१२ साली पूर्ण झाला. शहरांना पाणी हवे होते. आणि पाणलोट क्षेत्रात माणसे फिरली तर पाणी दूषित होईल, हे माळ बंद ठेवण्याचे आणखी एक कारण त्या काळी पुढे केले जाई. गंमत अशी की ज्यांना पाणी दूषित करणारे मानले जाई, ते पाणी पिणारे तेच होते. जलाशयाच्या वरून, व्हाइट ब्राउ या उतारावरून वाट आडवी जाते. खाली पाणी, समोर किंडरचा कडा. येथे पहिल्यांदा पठाराची पूर्ण रेघ दिसते.

१२.
जलाशयाच्या टोकाशी वाट विल्यम क्लफ या घळीत शिरते. उत्तर इंग्लंडच्या बोलीत अरुंद घळीला ‘क्लफ’ म्हणतात. ओढा पुन्हा पुन्हा ओलांडत, दगडांवरून तोल सावरत चढायचे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबावे, कारण १९३२ ची कथा सांगताना एक गोष्ट बहुधा गाळली जाते. ही वाट चारशे तरुण आले त्या दिवशीही कायदेशीर होती. तिचे नाव स्नेक पाथ. ती सार्वजनिक झाली १८९७ साली, आणि तीही आपोआप नव्हे.

१३.
१८७६ सालीच हेफील्डमध्ये जुन्या पायवाटांच्या रक्षणासाठी संघटना स्थापन झाली होती. १८९४ मध्ये पीक डिस्ट्रिक्टमधील वाटा जपणारी मोठी संस्था उभी राहिली. तिने जमीनमालकांशी वाटाघाटी केल्या, जुने पुरावे जमवले आणि हेफील्डहून स्नेक इनकडे जाणारी ही वाट मोकळी करून घेतली. ना सभा, ना शिट्ट्या. पत्रे, नकाशे आणि चिकाटी. चारशे तरुण विल्यम क्लफमध्ये निर्वेधपणे चढू शकले ते या आधीच्या पिढीच्या कारकुनी कष्टांमुळे. बंडाच्या कथेत अर्जदारांना जागा मिळत नाही. या घळीत मात्र दोघांचीही पावले एकाच वाटेवर उमटली आहेत.

१४.
घळीत बरेच चढून गेल्यावर शिट्टी झाली. ठरल्याप्रमाणे सगळे थांबले, उजवीकडे वळले आणि वाट सोडून हीदरच्या तीव्र उतारावर चढू लागले. वर राखणदार काठ्या घेऊन उभे होते. थोडी झटापट झाली. एडवर्ड बीव्हर नावाचा राखणदार पडून जखमी झाला. बाकीच्यांनी फारसा प्रतिकार न करता वाट दिली. चारशेंचा हिशेब बरोबर निघाला होता. पुढे ॲशप हेडजवळ शेफील्डकडून आलेल्या तुकडीशी त्यांची गाठ पडली. छोटीशी विजयसभा झाली. आणि मग सगळे आल्या वाटेने, उजळ माथ्याने, हेफील्डकडे परत निघाले.

१५.
येथे दंतकथा आणि दस्तऐवज यांची फारकत होते. आज अनेकदा लिहिले जाते की त्या दिवशी तरुणांनी किंडर स्काउटचे शिखर सर केले. समकालीन वृत्तान्त वाचला तर असे दिसते की ते कायदेशीर वाटेपासून फार दूर गेले नाहीत. पठाराच्या माथ्यापर्यंत, सर्वोच्च बिंदूपर्यंत तर नव्हेच. जो भाग त्यांनी ‘बेकायदा’ चालला, तो आज धडधाकट माणूस थोडक्या वेळात चढून जातो. शिवाय हा असा पहिला प्रवेश नव्हता, आणि सर्वांत मोठाही नव्हता. १८९६ साली बोल्टनजवळच्या विंटर हिलवर एका मालकाने वाट बंद केली, तेव्हा हजारो लोक चालून गेले होते. त्यांचा दावा न्यायालयात टिकला नाही आणि ती घटना दीर्घकाळ विस्मरणात गेली.

१६.
मग किंडरच का स्मरणात राहिले? याचे उत्तर डोंगरावर नाही. ते न्यायालयात आहे. त्याकडे वळण्यापूर्वी ॲशप हेडची शेवटची खडी चढण चढून पठारावर यावे. येथून वाट दक्षिणेकडे, कड्याच्या काठाने जाते. डाव्या हाताला पीटचा अथांग माळ, उजव्या हाताला कडा आणि खाली जलाशय. वाऱ्यापावसाने झिजलेले कातळ चमत्कारिक आकार घेऊन उभे आहेत. काही वेळाने पठार मध्येच आत वळते आणि किंडर नदी कातळावरून खाली उडी घेते. हा किंडर डाउनफॉल, सुमारे ३० मीटर उंचीचा धबधबा. पश्चिमेचा वारा जोरात असला की पाणी खाली पडण्याऐवजी फवारा होऊन वर उडते. पावसाळ्यात नाणेघाटातला उलटा धबधबा पाहिलेल्याला हे दृश्य ओळखीचे वाटेल.

१७.
धबधब्याच्या काठावरून आत, माळाकडे पाहिले की दुसरी एक जखम दिसते. पीटमध्ये खोल, काळ्या चरांचे जाळे पडले आहे. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरच्या धुराड्यांतून निघालेला गंधकयुक्त धूर वाऱ्याबरोबर येथे येई. त्याने स्फॅग्नम हे पाणी धरून ठेवणारे शेवाळ मारून टाकले. शेवाळ गेले, पीट उघडे पडले, वाळले, आगींत जळले, वाहून गेले. गिरणीतला कामगार ज्या धुरापासून पळून येथे येत होता, तो धूर त्याच्या आधीच येथे पोहोचला होता. २००३ पासून येथे पुनरुज्जीवनाचे मोठे काम चालू आहे: चरांत दगडी बांध घालायचे, उघड्या पीटवर हीदरची कापणी पसरायची, स्फॅग्नमची रोपे लावायची. साचायला शतके लागलेला थर वाचवणे हे धीराचे काम आहे.

१८.
आता न्यायालय. त्या रविवारी हेफील्डला परतलेल्या जमावाला पोलिसांनी अडवले. राखणदारांनी माणसे ओळखून दिली. एकंदर सहा जणांवर खटला उभा राहिला. गमतीचा भाग असा की दुसऱ्याच्या जमिनीवर नुसते पाऊल टाकणे हा इंग्लंडच्या कायद्यात गुन्हाच नव्हता. तो दिवाणी मामला. मालकाने नुकसानभरपाई मागावी, एवढेच. ‘प्रवेश केल्यास खटला भरला जाईल’ अशा पाट्यांना जाणकार म्हणूनच ‘लाकडी थापा’ म्हणत. तेव्हा आरोप ठेवले गेले ते दंगल माजवण्याच्या हेतूने जमाव जमवणे अशा स्वरूपाचे, आणि एकावर राखणदाराला गंभीर इजा केल्याचा.

१९.
जुलै १९३२ मध्ये डर्बीच्या न्यायालयात सुनावणी झाली. खटला चालवावा की नाही हे ठरवणाऱ्या ग्रँड ज्युरीत ब्रिगेडियर-जनरल, कर्नल, मेजर अशा हुद्द्यांची माणसे आणि ग्रामीण जमीनदार होते. ही ग्रँड ज्युरीची प्रथा इंग्लंडमध्ये पुढच्याच वर्षी जवळजवळ पूर्णपणे बंद झाली. आरोपी १९ ते २३ या वयाचे, बहुतेक कामगार. अनेकांची नावे ज्यू. रॉथमनने स्वतःचा बचाव स्वतः केला. आठवडाभर धुरात राबणाऱ्या माणसाला मोकळ्या माळावर चालण्याचा अधिकार असावा, ही मागणी त्याने न्यायालयापुढे मांडली. एक जण निर्दोष सुटला. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. रॉथमनला चार महिने. सहा महिने मिळाले जॉन अँडरसनला, ज्याने बीव्हरला मारल्याचा आरोप नाकारला होता.

२०.
आणि येथेच व्यवस्थेचा हिशेब चुकला. चालणाऱ्यांच्या अधिकृत संघटनांना ही मोहीम मुळात पसंत नव्हती. वर्षानुवर्षे मालकांशी बोलणी करून वाटा मिळवणाऱ्या त्या संस्थांना वाटत होते की या उथळ धांगडधिंग्याने सगळे मुसळ केरात जाईल. टॉम स्टीफन्सन यांच्यासारखा चळवळीचा आधारस्तंभही पुढे आयुष्यभर या घटनेच्या महत्त्वाविषयी साशंक राहिला. परंतु माळावर चालल्याबद्दल विशीतली पोरे तुरुंगात गेली, हे ऐकून ज्यांना मोहीम आवडली नव्हती तेही अस्वस्थ झाले. त्याच वर्षी जवळच्या विनाट्स पास खिंडीत झालेल्या मेळाव्याला सुमारे १०,००० लोक जमल्याचे सांगितले जाते. घटना लहान होती. शिक्षा मोठी होती. स्मृती शिक्षेने घडवली.

२१.
मराठी वाचकाला येथे आपल्याकडचे जंगल सत्याग्रह आठवणे स्वाभाविक आहे. जुलै १९३० मध्ये पुसदजवळ लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला. दोन्हीकडे पूर्वापार वहिवाटीची जमीन राखीव झाली होती आणि दोन्हीकडे लोकांनी उघडपणे, दिवसाउजेडी आत पाऊल टाकले. तरी साम्य ताणू नये. पुसदला प्रश्न गुरांच्या चाऱ्याचा आणि परकीय सत्तेचा होता. किंडरला रविवारच्या मोकळ्या श्वासाचा. हक्काचे वजन दोन्ही ठिकाणी सारखे नव्हते.

२२.
डाउनफॉलपासून वाट कड्यानेच पुढे किंडर लो या टेकाडावर येते. येथे मोजणीचा पांढरा खांब आहे, उंची ६३३ मीटर. सर्वोच्च बिंदू तेथून थोडा आत, पीटच्या उंचवट्यावर, ओळखूही न येणारा. हवा स्वच्छ असली तर पश्चिमेला मँचेस्टरच्या इमारती दिसतात. पायाखालची ही वाट आता पेनाइन वे या दीर्घ पदभ्रमणमार्गाचा भाग आहे. एडेलपासून स्कॉटलंडच्या सीमेपलीकडे जाणारा, सुमारे ४३० किलोमीटरचा हा मार्ग टॉम स्टीफन्सन यांनी १९३५ साली एका वृत्तपत्रीय लेखात सुचवला आणि तो १९६५ साली पूर्ण झाला. तीस वर्षे! किंडरच्या प्रवेशाला नाके मुरडणाऱ्या माणसाने किंडरच्या माथ्यावरून जाणारी वाट देशाला मिळवून दिली. इतिहासात बाजू पाडणे सोपे नसते ते असे.

२३.
कायद्याची वाटचाल याहून मंद. डोंगर सर्वांना मोकळे करण्याचे पहिले विधेयक जेम्स ब्राइस यांनी १८८४ सालीच संसदेत मांडले होते. ते फेटाळले गेले. १९३९ चा कायदा इतक्या तडजोडींनी भरला होता की चालणाऱ्यांनाच तो नकोसा झाला. युद्धानंतर १९४९ चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, आणि १९५१ साली पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले. किंडरची मोठी जमीन १९८२ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे आली. आणि अखेर २००० सालच्या कायद्याने इंग्लंड-वेल्समधील नकाशावर नोंदलेल्या डोंगर, मूर व सामायिक जमिनींवर वाट सोडूनही पायी फिरण्याचा हक्क दिला. प्रत्यक्ष अंमल पीक डिस्ट्रिक्टमध्ये २००४ साली सुरू झाला. ब्राइस यांच्या विधेयकानंतर १२० वर्षांनी.

२४.
किंडर लोवरून उतरले की खिंडीत एडेल क्रॉस लागतो. दगडी भिंतीच्या कोनाड्यात उभा असलेला हा मध्ययुगीन क्रूस राजाच्या शिकारवनाची हद्द दाखवी. लादलेल्या घोड्यांचे तांडे येथून खिंड ओलांडत. शिकारवन गेले, तांडे गेले, ग्राउजची मालकी गेली. हद्दीचा दगड मात्र उभा आहे. थकलेले चालणारे त्याच्या आडोशाला बसून वाऱ्यापासून वाचत चहा पितात. हद्दीच्या दगडाचा याहून चांगला उपयोग क्वचितच कुणी केला असेल.

२५.
पण हिशेब अजून पुरा झालेला नाही. या कायद्याने मोकळी झालेली भूमी इंग्लंडच्या साधारण आठ टक्के आहे, आणि ती बहुतांशी शहरांपासून दूर. शेजारच्या स्कॉटलंडने २००३ च्या कायद्याने जवळजवळ सर्वच मोकळ्या भूमीवर जबाबदारीने फिरण्याचा हक्क मान्य केला. इंग्लंडच्या नैऋत्येला डार्टमूर या माळावर रात्री तंबू ठोकण्याच्या हक्काला जमीनमालकांनी आव्हान दिले. जानेवारी २०२३ मध्ये निकाल मालकांच्या बाजूने लागला, काही महिन्यांत अपिलात तो फिरला, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालणाऱ्यांचा हक्क कायम केला. मिळालेली वाट वापरात ठेवावी लागते. नाहीतर तिच्यावर गवत उगवते, आणि कधी कधी कुंपणही.

२६.
एडेल क्रॉसवरून जुन्या तांड्यांच्या वाटेने, शेतांच्या भिंतींमधून उतरत वाट पुन्हा बोडन ब्रिजला येते. वर्तुळ पूर्ण होते. २००२ साली, घटनेला ७० वर्षे झाली तेव्हा, येथे एक समारंभ झाला. १९३२ मध्ये किंडरच्या बऱ्याचशा माळाचे मालक असलेल्या ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांचे नातू, अकरावे ड्यूक, त्यात उभे राहिले आणि आपल्या आजोबांच्या काळात झालेल्या अन्यायाबद्दल त्यांनी जाहीर क्षमा मागितली. ती ऐकायला बेनी रॉथमन नव्हता. सुटकेनंतर तो कारखान्यात राबला, कामगार संघटनेत लढला आणि म्हातारपणीही माळांच्या हक्कासाठी बोलत राहिला. २००० चा कायदा झालेला त्याने पाहिला. जानेवारी २००२ मध्ये, क्षमायाचनेच्या तीन महिने आधी आणि कायद्याच्या अंमलाच्या दोन वर्षे आधी, तो नव्वदाव्या वर्षी वारला.

२७.
त्या रविवारी ज्या उतारावर शिट्टी वाजली, तेथे आज ना फलक आहे, ना राखणदार. मेंढ्या चरतात, हीदर वाढते, आणि एखादा चालणारा वाट सोडून सहज उजवीकडे वळतो, चार पावले चढतो, मागे वळून जलाशयाकडे पाहतो. त्याला कोणी हटकत नाही. चालणाऱ्याला आपण काही विशेष केले असे वाटतही नाही.
त्याला तसे वाटू नये, एवढ्यासाठीच पाच जण तुरुंगात गेले होते.

धागा समाप्त.